आगगाडीतील सहप्रवासी : रे. नारायण वामन टिळक यांचे चरित्र

सुवार्ता सांगणे हे पाळकांचे व उपदेशकांचे काम आहे, आपणांसारख्या साध्या मनुष्याने ते कसे करावे, असे आपल्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ बंधुभगिनींस वाटते. त्यांच्याकरिता आज आम्ही कै. रे. नारायण वामन टिळक यांचे चरित्र थोडक्यात सांगतो. त्यांची गीते आपण उपासनेत गातो, परंतु त्यांना ख्रिस्ताची ओळख कशी झाली हे सर्वांस ठाऊक असेलच असे नाही.

टिळकांचा जन्म सन 1861 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ब्राह्मण कुळात झाला. ते संस्कृताचे जाणते, कवी व थोर देशभक्त होते. जातिभेदाने देश खिळखिळा झाला आहे हे पाहून त्यांचे मन तळमळे व एखादा नवाच धर्म स्थापावा असेही विचार त्यांच्या डोक्यात घोळत.

सन 1893 मध्ये ते कामाच्या शोधार्थ नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने निघाले. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. गोरा साहेब आपणांस तुच्छ लेखील अशी टिळकांची अपेक्षा होती. परंतु त्या गृहस्थांनी आदराने जागा करून दिली व संस्कृत काव्याविषयी गोष्टी काढल्या. मने जुळल्यावर मग ख्रिस्ताविषयी बोलणे निघाले. उतरण्यापूर्वी त्यांनी टिळकांस नवा करार दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांस ते खरे वाटले नाही. तरी पुस्तक वाचण्याचे वचन दिले होते म्हणून त्यांनी वाचावयास घेतले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांचे चित्त तेथे असे जडले की ते बाजूस सारवेना.

पुढे त्यांच्या मनात मोठे द्वंद्व चालले. बाप्तिस्मा घेतला तर घरदार, आप्त, सर्व तुटणार हे त्यांस कळत होते. अखेर सन 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईस अमेरिकन मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि जे भय होते तेच झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई दुःखाने वेड्यापिशा झाल्या व उभयतांची काही वर्षे ताटातूट झाली.

येथे, बंधूंनो, नीट लक्ष द्या. लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. त्यांचे सोवळे-ओवळे कायम होते. टिळकांनी त्यांवर जबरदस्ती केली नाही. त्यांचा स्वयंपाक व पाणी वेगळे ठेवू दिले, प्रेम केले व वाट पाहिली. पुढे जातिभेद हा देवाने नव्हे, मनुष्याने केला आहे, अशी लक्ष्मीबाईंची आपल्याच विचाराने खातरी झाली, आणि सन 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळकांस सन 1904 मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. खेड्यांतील लोकांना परक्या चालींची गीते आपली वाटत नाहीत हे ओळखून त्यांनी अभंग, भजन व कीर्तन यांच्याद्वारे ख्रिस्ताचे गुण गाइले. सन 1917 मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्वच ख्रिस्तभक्तांस जागा होती. सन 1919 च्या मे महिन्यात मुंबईस ते प्रभूत निजले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे चालविले.

आता विचार करा. त्या सहप्रवाशाने डब्यात व्याख्यान दिले नाही, कोणाच्या धर्माची निंदा केली नाही. त्याने जागा दिली, शेजाऱ्याच्या आवडीची गोष्ट काढली, योग्य वेळी आपल्या प्रभूचे नाव घेतले व एक पुस्तक हाती ठेवले. एवढे आपल्यापैकी कोणास करता येणार नाही? बाजारास जाताना गाडीत, पाणवठ्यावर, खळ्यावर, दुखणाइताच्या उशाशी आपणांस रोज सोबती मिळतात. ज्यास वाचता येत नाही त्यासही शेजाऱ्याचा भारा उचलता येतो. आणि ज्यांच्या घरी पती, पत्नी अथवा मुले अद्याप विश्वासात आलेली नाहीत, त्यांनी टिळकांचा धीर आठवावा. भांडून कोणी प्रभूजवळ येत नाही. आपण पेरावे, पाणी घालावे. वाढविणारा देव आहे.