पिंजऱ्यात स्वतःच बसलेला मायकेल फॅरेडे

नाशिकरोड सोडलं की डब्यावरच्या तारेत 25,000 व्होल्ट, आणि खाली आपण निवांत रील बघतोय. धातूचा डबा तारेचं विद्युतक्षेत्र बाहेरच ठेवतो. (नेटवर्क मात्र खिडक्यांतून आत येतं.) हे दाखवून देणारा माणूस धड शाळाही शिकला नव्हता.

फॅरेडेचा जन्म 1791 चा, लंडनजवळचा. वडील लोहार. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचत सुटला. हम्फ्री डेव्हींच्या व्याख्यानांची टिपणं काढली, बांधली आणि त्यांनाच पाठवली. 1813 मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नोकरी मिळाली.

1836 मध्ये त्याने 12 फुटी खोली तारा आणि धातूच्या वर्खाने मढवली. बाहेरून जबरदस्त विद्युतभार दिला. भिंतींवरून ठिणग्या उडत होत्या आणि हा गडी आत, मेणबत्त्या आणि विद्युतमापक घेऊन! आत काहीच जाणवलं नाही.

आता रेल्वेचे डबे हलके करायला कार्बन फायबर येतंय. चीनमधल्या चिंगदाओत अशी मेट्रो 2024 मध्ये दाखवली गेली. पण कार्बन फायबर ॲल्युमिनियमपेक्षा खूपच कमी वीज वाहतं, त्यातलं रेझिन तर जवळजवळ नाहीच. जोडांच्या फटींतून मोटर-इन्व्हर्टरचा विद्युतचुंबकीय गोंगाट निसटला, तर सिग्नल यंत्रणेला त्रास होऊ शकतो. उपाय जुनाच: थरांत तांब्याची बारीक जाळी घाला, जोडही धातूने सांधा.

फॅरेडे 1867 मध्ये गेला. मुंबईत विजेची लोकल धावली 1925 मध्ये.