सुटलेली बाटली, न सुटलेली सिगारेट

मी 1980च्या दशकात बँकेत लागलो, तेव्हा प्रत्येकाच्या टेबलावर स्टॅम्प पॅड आणि टाचण्यांची डबी असे, तशीच एक राखेची बशीही असे. क्लोजिंगच्या रात्री बॅलन्स जुळत नाही म्हणून एक सिगारेट पेटायची आणि जुळला की त्या आनंदात दुसरी. आमचे हेडकॅशियर वसईचे. घरी सामवेदी बोलणारे, पापभीरू ख्रिस्ती गृहस्थ. त्यांना सगळे काका म्हणत. काकांची दारू सुटून तेव्हा सात वर्षं झाली होती. दर आठवड्याला ते एका चर्चच्या आवारातल्या खोलीत सभेला जात. एकदा त्यांनी मलाही नेलं. भिंतीवर दोन गोऱ्या माणसांच्या तसबिरी होत्या. पण खोलीत सिगारेटचा धूर इतका, की तसबिरींतले चेहरे धड दिसेनात!

त्यातल्या एका चेहऱ्याची ही गोष्ट. नाव विल्यम ग्रिफिथ विल्सन. जग त्यांना बिल म्हणून ओळखतं. बिल म्हटलं की आम्हा बँकवाल्यांना हुंडीच आठवते; पण या बिलानं लाखो घरांची कर्जं फेडली.

विल्सनचा जन्म 26 नोव्हेंबर 1895चा. गाव अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातलं ईस्ट डॉर्सेट. तो दहाएक वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. पुढे आई बोस्टनला शिकायला गेली आणि मुलगा आजी-आजोबांकडे वाढला. बूमरँग ऑस्ट्रेलियातल्या लोकांनाच बनवता येतं, असं आजोबांनी सहज म्हटलं, तर हा पठ्ठ्या कित्येक महिने लाकडं तासत बसला आणि बूमरँग परत आणूनच थांबला. आपण जिद्दीनं काहीही करू शकतो, ही समजूत तिथं पक्की झाली. पुढे तीच त्याच्या मुळावर आली.

पहिल्या महायुद्धाच्या वेळी लष्करी अधिकारी असताना विल्सन यांनी पहिला पेला घेतला. बुजरा तरुण एकदम चारचौघांत बोलू लागला. 24 जानेवारी 1918 रोजी लोईस बर्नहॅमशी लग्न झालं. युद्धानंतर ते शेअर बाजारात शिरले. कागदावरच्या ताळेबंदावर विश्वास न ठेवता, 1925 साली ते लोईससह मोटरसायकलवरून गावोगावचे कारखाने पाहत फिरले. कर्ज देण्यापूर्वी आम्ही इन्स्पेक्शन करतो ना, तसंच. पैसा आला, आणि त्याबरोबर दारूही वाढली. 1929च्या मंदीत पैसा गेला. दारू मात्र राहिली. लोईस डिपार्टमेंट स्टोअरमध्ये नोकरी करून घर चालवू लागली. घर तरी कुठलं, तिच्या माहेरचंच!

न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये विल्सन यांच्या खेपा सुरू झाल्या. हा दुबळेपणा नव्हे, आजार आहे, असं डॉ. सिल्कवर्थ यांनी त्यांना समजावलं. समजलं, पण सुटली नाही. अशात नोव्हेंबर 1934मध्ये एबी थॅचर हा जुना पिणारा मित्र भेटायला आला, तोही न पिता. तो ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीत गेला होता. आपले दोष उघड कबूल करायचे, ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करायची, रोज शांत बसून देवाचं मार्गदर्शन मागायचं, अशी तिथली शिस्त. विल्सन यांना देवाधर्माची अढी होती. पण डिसेंबरमध्ये पुन्हा हॉस्पिटलात पडल्यावर, पार खचून त्यांनी देवाला हाक मारली. खोली प्रकाशानं भरून गेल्याचा अनुभव त्यांना आला. तो प्रकाश कसला होता यावर पंडितांनी वाद घालावा. त्यानंतर त्यांनी दारूला हात लावला नाही, एवढं खरं.

खरी कसोटी मे 1935मध्ये लागली. एका व्यवहारात अपयश पदरी घेऊन ते ॲक्रन शहरातल्या हॉटेलात एकटे उभे होते. शेजारी बार. पावलं तिकडे वळणार, एवढ्यात त्यांना उमगलं, की आपल्याला वाचायचं असेल तर दुसरा दारुडा शोधायला हवा. त्यांनी लॉबीतल्या यादीतून एका धर्मगुरूंना फोन लावला. त्या ओळखीतून डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन भेटले. पंधरा मिनिटांसाठी आलेले डॉक्टर काही तास बसले. 10 जून 1935ला डॉ. बॉब यांनी शेवटचा पेला घेतला. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, तो दिवस आपला जन्मदिवस मानते. भिंतीवरची दुसरी तसबीर या डॉक्टरांची.

1939 साली पुस्तक निघालं. बारा पायऱ्या त्यातल्याच. त्यांचा उगम ख्रिस्ती कबुलीजबाबात असला, तरी ज्याला जसा देव समजेल तसा, अशी मुभा विल्सन यांनी ठेवली. पुढे एड डाउलिंग हे जेझुइट धर्मगुरू त्यांचे आध्यात्मिक आधार झाले. फुल्टन शीन यांच्याकडे त्यांनी कॅथलिक धर्माचे धडेही घेतले, पण ते त्या पंथात गेले नाहीत. 1954मध्ये येल विद्यापीठाची मानद पदवी त्यांनी नाकारली. आज सुमारे वीस लाख माणसं या संघटनेत आहेत. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये 1986पासून घसरलेल्या माणसानंच घसरलेल्याला हात द्यायचं जे काम चाललं आहे, त्याचंही नातं याच विचाराशी आहे.

आणि सिगारेट? ती तशीच राहिली. दारूच्या खाईतून माणसं बाहेर काढणारा हा गृहस्थ सिगारेटवर सिगारेट ओढत होता. 1964मध्ये अमेरिकी सरकारचा धूम्रपानावरचा अहवाल आला, तेव्हा विल्सन अडुसष्ट वर्षांचे होते. त्यांना एम्फिसीमा जडला. यात फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांची लवचीकता जाते. आत घेतलेली हवा नीट बाहेरच पडत नाही. ऑक्सिजनच्या नळकांड्याचा आधार घ्यायची वेळ आली, तरी सिगारेट चालूच होती. जुलै 1970मध्ये मायामीच्या अधिवेशनात त्यांना चाकांच्या खुर्चीतून आणलं. बोलता आलं ते काही मिनिटंच. शेवटच्या दुखण्यात त्यांनी व्हिस्की मागितली, असं शुश्रूषा करणाऱ्याच्या नोंदींतून पुढे उघड झालं. ती दिली गेली नाही. 24 जानेवारी 1971 रोजी ते गेले. लग्नाचा त्रेपन्नावा वाढदिवस होता त्या दिवशी.

श्रद्धेनं दारू सुटली, मग त्याच श्रद्धेनं सिगारेट का सुटू नये? या प्रश्नानं मला बरीच वर्षं छळलं. मला सुचणारं उत्तर साधं आहे. दारूपुढे त्यांनी हार मान्य केली होती आणि ती चारचौघांत सांगितली होती. सिगारेट त्या काळी सभ्य होती. तिच्यामुळे नोकरी जात नसे, बायको रडत नसे. हार मानायला भाग पाडील असं काही घडलंच नाही; घडलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांच्याच बारा पायऱ्या घेऊन सिगारेट सोडणाऱ्यांचे गट अमेरिकेत निघाले, तेही 1980च्या दशकात, त्यांच्या मागे.

मी स्वतः तीनदा सोडली, तीही गुपचूप. फजिती झाली तर कळू नये म्हणून. तिन्ही वेळा पुन्हा धरली. चौथ्या वेळी काकांना सांगितलं. त्यांचाही खोकला वाढला होताच. त्यांनी थोडा विचार केला आणि माझ्याबरोबर सोडायचं ठरवलं. सकाळी मिस्सा आटोपून ते आठ सव्विसाच्या लोकलनं येत आणि सही करायच्या आधी माझ्या टेबलाशी थांबत. कालचा दिवस कसा गेला ते आम्ही एकमेकांना सांगत असू. ते देवाच्या नावानं एक दिवस मागत. मी देवापर्यंत पोचलो नव्हतो, मी काकांना वचन देत असे. पहिला महिना नरकासारखा गेला. अकराव्या दिवशी मी खोटं बोललो, बाराव्या दिवशी कबूल केलं. ते रागावले नाहीत. त्यांनी त्या दिवसापासून पुन्हा एकपासून मोजायला घेतलं.

ईस्ट डॉर्सेटमधल्या विल्सन यांच्या थडग्यावर ते कुणाचे संस्थापक होते याचा उल्लेखही नाही. तरी लोक येतात, न पिता काढलेल्या वर्षांची बिल्ले-नाणी त्यावर ठेवून जातात. काका आता नाहीत. माझ्या लिहिण्याच्या टेबलावर ती जुनी राखेची बशी अजून आहे. तिच्यात मी टाचण्या ठेवतो.