प्लेगच्या वाटेवरून घरी

१३४८ च्या जून महिन्यात सीरियातल्या अलेप्पो शहरात एका चव्वेचाळीस वर्षांच्या प्रवाशाला बातमी कळली. दक्षिणेकडे गाझामध्ये रोगाची साथ आली आहे आणि दिवसाला हजाराहून अधिक माणसे मरत आहेत. प्रवाशाला दक्षिणेकडेच जायचे होते. घर सोडून त्याला तेवीस वर्षे झाली होती. मक्केला आणि तिथून पुढे घरी जाणारा त्याचा रस्ता गाझावरूनच होता. बातमी ऐकूनही तो निघाला.

हा प्रवासी म्हणजे इब्न बतूता. महंमद तुघलकाच्या दिल्लीचे वर्णन लिहून ठेवणारा परदेशी काझी म्हणून आपण त्याला ओळखतो. पण मानवी इतिहासातल्या सर्वांत भीषण प्लेगच्या साथीतून, एका गावाहून दुसऱ्या गावी जात, जिवंत बाहेर पडलेला माणूस ही त्याची दुसरी ओळख आहे. साथ आणि प्रवास यांचे नाते समजून घ्यायला त्याच्यासारखा साक्षीदार क्वचितच सापडेल.

इब्न बतूताचा जन्म फेब्रुवारी १३०४ मध्ये मोरोक्कोतल्या टँजियर गावी झाला. घराणे काझ्यांचे, म्हणजे न्यायनिवाडा करणाऱ्यांचे. १३२५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो आईवडिलांचा निरोप घेऊन हज यात्रेला एकटाच निघाला. यात्रा झाली, पण पाय थांबले नाहीत. इजिप्त, अरबस्तान, इराण, पूर्व आफ्रिका, तुर्कस्तान, मध्य आशिया असे करत तो भारतात आला. तुघलकाने त्याला दिल्लीत काझी नेमले. काही वर्षांनी चीनच्या बादशहाकडे जाणाऱ्या शिष्टमंडळाचा प्रमुख म्हणून त्याने दिल्ली सोडली.

त्या वाटेवर तो दौलताबादला आला. तिथल्या किल्ल्याच्या तळघरातल्या कैदखान्यात मांजरापेक्षा मोठे उंदीर असल्याची नोंद त्याने केली आहे. वर्णनावरून त्या घुशी असाव्यात. पुढे तो नंदुरबारला पोहोचला आणि तिथल्या मराठी माणसांच्या कारागिरीचे आणि वैद्यकीचे त्याने कौतुक केले. दौलताबादच्या घुशींनी तो चकित झाला. पण पुढे काही वर्षांनी त्याच्या ओळखीची निम्मी माणसे नेणाऱ्या रोगाचा संबंध त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान अशा, घराच्या आढ्यावर फिरणाऱ्या काळ्या उंदराशी होता. ते त्याला, किंवा त्या काळातल्या कुणालाच, ठाऊक असणे शक्य नव्हते.

साथ म्हणजे काय हे त्याने भारतात असतानाच पाहिले होते. तमिळनाडूतल्या मदुराईत तो असताना तिथे एक जीवघेणा रोग पसरला. लागण झालेला माणूस दोन-चार दिवसांत संपत असे. निरोगी म्हणून त्याने विकत घेतलेली एक दासी दुसऱ्याच दिवशी दगावली. सुलतानाच्या घरातही मृत्यू झाले. त्याच गावी इब्न बतूताला स्वतःला कडक ताप भरला होता. आता आपण वाचत नाही असे वाटून त्याने शेरभर चिंच पाण्यात कोळून प्यायली. तीन दिवस जुलाब झाले आणि ताप उतरला. चिंच सौम्य रेचक आहे, पण तिने ताप बरा झाला असे आजचा कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. ताप आपल्या गतीने उतरला आणि श्रेय चिंचेला मिळाले. आमच्या बाह्यरुग्ण विभागात हे आजही रोज घडते.

मालदीव, श्रीलंका, बंगाल, चीन असा फेरा करून १३४७ मध्ये तो मलबारच्या किनाऱ्यावरून अरबस्तानकडे परतला. त्याच वर्षी शरद ऋतूत काळ्या समुद्राकडून निघालेल्या जहाजांबरोबर प्लेग सिसिलीत आणि इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदरात उतरला. पुढच्या वर्षी दमास्कसला आल्यावर इब्न बतूताला घरची खबर मिळाली. वडील वारून पंधरा वर्षे झाली होती. आई मात्र हयात होती. त्यानंतर तो अलेप्पोला गेला आणि तिथेच गाझाची बातमी त्याच्या कानावर आली.

परतीच्या वाटेवर तो होम्सला पोहोचला, त्या एका दिवसात तिथे तीनशेच्या आसपास माणसे मेली होती. दमास्कसमध्ये साथ भरात होती. शहराच्या सुभेदाराने तीन दिवस उपवास पाळायला लावला होता. बाजारात अन्न शिजवायला बंदी होती. तिसऱ्या रात्री सगळे मोठ्या मशिदीत जमले आणि पहाटे अनवाणी सरदारांसह सारे शहर पायी गावाबाहेर निघाले. मुसलमान कुराण घेऊन, ज्यू आणि ख्रिस्ती आपापले धर्मग्रंथ घेऊन, बायकामुलांसह चालत होते. इब्न बतूता हे दृश्य भारावून लिहितो. त्याच्या मते त्यामुळेच दमास्कसवरचे संकट हलके झाले. एका जागी हजारोंची गर्दी म्हटली की आज आपल्याला धडकी भरते. पण पिसवांमधून पसरणाऱ्या प्लेगचा मुख्य धोका गर्दीत नसून घरात असतो. प्लेग फुफ्फुसात उतरला आणि खोकल्यातून पसरू लागला, तर मात्र गर्दी जीवघेणी ठरते.

इथे या रोगाची रीत सांगायला हवी. प्लेगचा जिवाणू मुळात उंदीरवर्गीय प्राण्यांचा. उंदीर मेला आणि त्याचे अंग थंड पडले की त्याच्यावरच्या पिसवा दुसरे यजमान शोधतात. आसपास उंदीर उरले नसतील तर माणसाला चावतात. जांघेत किंवा काखेत गाठ येते, ताप चढतो. उपचार न मिळाल्यास गाठीच्या प्लेगमध्ये शंभरातले तीस ते साठ रुग्ण दगावतात. फुफ्फुसाच्या प्लेगमध्ये जवळपास सगळेच. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस जातात, साधारण आठवड्याच्या आत. रोज तीस किलोमीटर चालणाऱ्या तांड्यातला माणूस तेवढ्या वेळात दीडशे किलोमीटर पार करतो. शिवाय धान्याच्या पोत्यांत आणि कापडाच्या गठ्ठ्यांत पिसवा फुकट प्रवास करतात. हा जिवाणू अलेक्झांद्र यर्सिन यांना सापडला १८९४ मध्ये हाँगकाँगला, आणि पिसवांचा दुवा पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवला १८९८ मध्ये कराचीत. म्हणजे इब्न बतूताच्या प्रवासानंतर साडेपाचशे वर्षांनी.

जेरुसलेमला तो पोहोचला तेव्हा साथ ओसरत होती. तिथल्या एका धर्मोपदेशकाने नवस बोलला होता. ज्या दिवशी एकाही मृतासाठी नमाज पढावी लागणार नाही, त्या दिवसानंतर तो गावजेवण घालणार होता. तो दिवस नुकताच उजाडला होता, म्हणून इब्न बतूताला जेवणाचे आमंत्रण मिळाले. पण आधीच्या फेरीत ओळख झालेल्या वडीलधाऱ्यांपैकी बहुतेक जण पंक्तीला नव्हतेच. गाझा बरेचसे ओस पडले होते. तिथल्या ऐंशी नोंदणी-साक्षीदारांपैकी चौथा हिस्सा उरला होता. अलेक्झांड्रियात रोजच्या मृत्यूंचा आकडा हजारावर जाऊन खाली येत होता. कैरोत एका दिवसात वीस हजारांवर माणसे मेली असे त्याला सांगण्यात आले. हा आकडा फुगवलेला वाटतो, पण ओळखीचे सगळे शेख गेल्याचे तो लिहितो, त्यात फुगवटा नाही. नोव्हेंबर १३४८ मध्ये तो मक्केला पोहोचला.

मग तो कसा वाचला? त्याने उत्तर देवावर सोडले. आपल्याला काही कारणे दिसतात. जेरुसलेम, गाझा, अलेक्झांड्रिया इथे तो साथीचा जोर ओसरल्यावर पोहोचला. त्याचे मुक्काम छोटे होते. उंदरांनी भरलेल्या एकाच घरात तो महिनोन्महिने राहिला नाही. बाकी नशीब. आणि एक गोष्ट विसरून चालणार नाही. त्याच रस्त्यांवर त्या वर्षी हजारो प्रवासी होते. जे मेले, त्यांनी प्रवासवर्णन लिहिले नाही. वाचलेल्या एका माणसाच्या गोष्टीवरून रस्ता सुरक्षित होता असा निष्कर्ष काढणे म्हणजे अपघातातून बचावलेल्याला पाहून हेल्मेट टाकून देणे.

काझी असल्यामुळे साथीबद्दलचा नियम त्याला नक्कीच माहीत होता. साथ असलेल्या मुलखात जाऊ नये आणि आपण असू तिथे साथ आली तर पळून जाऊ नये, ही शिकवण इस्लामी परंपरेत पैगंबरांच्या काळापासून आहे. वैद्यकीयदृष्ट्या ती उत्तम आहे. तरीही तो गेला. त्याला दोष देणे सोपे आहे, पण अलेप्पोत तो थांबणार कुणाच्या जिवावर? गाव परके, उत्पन्न नाही, साथ तिथेही येणार हे उघड होते. आणि हजारो कोस दूर आई जिवंत होती.

१३४९ मध्ये तो समुद्रमार्गे ट्युनिसला आला. त्या शहरातही प्लेगने थैमान घातले होते. पुढे प्रसिद्ध झालेला इतिहासकार इब्न खल्दून तेव्हा सतरा वर्षांच्या आसपास होता. त्याचे आईवडील याच साथीत गेले. तिथून सार्डिनियामार्गे इब्न बतूता मोरोक्कोत शिरला. ताझा गावी त्याला निरोप मिळाला की त्याची आई प्लेगने वारली. दीड वर्ष रोगाच्या वाटेवर चालणारा मुलगा वाचला होता आणि घरातून न हललेली आई गेली होती. तो टँजियरला जाऊन तिच्या कबरीचे दर्शन घेऊन आला. त्यानंतर शेजारच्या सेउटा गावी तो तीन महिने अंथरुणाला खिळला होता.

बरा झाल्यावर तो स्पेनला गेला. जिब्राल्टरला वेढा घालून बसलेला कॅस्टिलचा राजा अकरावा अल्फोन्सो नुकताच, मार्च १३५० मध्ये, प्लेगने मरण पावला होता. इब्न बतूता ग्रॅनडालाही गेला. त्या दरबारात तेव्हा इब्न अल-खतीब नावाचा विद्वान वैद्य होता. त्याने पुढे प्लेगवर लिहिलेल्या पुस्तिकेत ठामपणे मांडले की हा रोग संसर्गाने पसरतो. रुग्णाचे कपडे, भांडी, कानातले डूलसुद्धा रोग पोहोचवतात. निरोगी बंदरात रोगी जहाज आले की साथ सुरू होते. इतरांपासून दूर राहणाऱ्या भटक्या टोळ्या मात्र वाचतात. धर्मशास्त्राचा अर्थ डोळ्यांना दिसणाऱ्या पुराव्याविरुद्ध जात असेल तर पुरावा मानावा, हे म्हणण्याचे धैर्य त्याच्याकडे होते.

इब्न बतूता त्यानंतर सहारा ओलांडून मालीलाही जाऊन आला. १३५५ मध्ये सुलतानाच्या आज्ञेवरून त्याने आपल्या प्रवासाची हकिगत इब्न जुझय या लेखनिकाला सांगून लिहवून घेतली. शेवटची वर्षे मोरोक्कोत काझी म्हणून काम करून १३६८-६९ च्या सुमारास तो वारला.

त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी, १३७७ मध्ये, ॲड्रियाटिक समुद्रावरच्या रागुसाने, म्हणजे आजच्या डुब्रोव्हनिकने, एक कायदा केला. प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांनी शहरात शिरण्याआधी जवळच्या एका बेटावर किंवा ठरवून दिलेल्या गावी महिनाभर राहावे. पुढे या मुदतीचे चाळीस दिवस झाले आणि त्यावरून क्वारंटाइन हा शब्द आला. या कायद्यात नवे काय होते? थांबा असे सांगणे जुनेच होते. नवे हे की कुठे थांबायचे आणि किती दिवस, हे त्यात सांगितले होते.

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग आल्याची बातमी पसरली आणि लाखो माणसे शहर सोडून निघाली. त्यात आपल्या खानदेशातले कामगार होते. सुरतेहून भुसावळकडे येणाऱ्या गाड्या ज्या नंदुरबारवरून जातात, ते नंदुरबार इब्न बतूतानेही पाहिले होते. तेव्हा आम्ही नुकतेच डॉक्टर झालो होतो. दुकानांतून टेट्रासायक्लिन गायब झाले होते. मृत्यू शंभराच्या आत राहिले, कारण औषधे होती आणि रुग्ण शोधले गेले. २०२० च्या उन्हाळ्यात मुंबई-नाशिक महामार्गावर पोरेबाळे घेऊन चालणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली. आहात तिथेच थांबा, असे मीही कित्येकांना सांगितले आहे. खोलीचे भाडे थकलेल्या, रोजगार बुडालेल्या माणसाने नेमके कुठे थांबायचे, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

प्लेग आज वेळेत निदान झाल्यास साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो. पुढची साथ कदाचित दुसऱ्याच रोगाची असेल, लस यायला वेळ लागेल आणि पहिले काही महिने लोकांना जागेवर थांबवणे हाच उपाय असेल. त्या वेळी गोळ्यांच्या साठ्याइतकाच निवाऱ्याचा, शिधावाटपाचा आणि घरच्यांशी संपर्काचा बंदोबस्त हा उपचाराचा भाग समजावा लागेल. जिल्ह्याच्या साथनियंत्रण आराखड्यात खाटा आणि ऑक्सिजन यांच्या खाली या तीन गोष्टींसाठीही रकाने हवेत. आणि ते साथ येण्याआधी भरलेले असावेत.