एका गोलंदाजाची साधना

राळेगणसिद्धीला आमच्या रानात सुगी उरकली की रिकाम्या खळ्यावर तीन काठ्या रोवून मी एकटाच चेंडू टाकीत असे. टप्प्याच्या जागी विटेचा तुकडा ठेवायचा, सहा चेंडू टाकायचे, आणि काट्याकुपाट्यांतून ते पुन्हा शोधून आणायचे. शिकविणारे कोणी नव्हते. अशा एकट्याच्या सरावातून खरोखर काही साधते काय, ही शंका मनात असतानाच पालवणकर बाळूंची हकीकत वाचनात आली, आणि ती मला सोडीना.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडचा, घराणे मूळचे कोकणातले, चर्मकार समाजातले. वडील लष्करी नोकरीत असल्यामुळे बालपण पुण्यात गेले. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर हे भाऊ क्रिकेट शिकले. पुढे पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडण्याची, रोलर फिरविण्याची नोकरी लागली. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर गेले. रेघा मारणे, जाळी बांधणे ही कामे होतीच. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे हे आणखी एक काम त्यांत मिळाले. खरी साधना सुरू झाली ती इथे.

जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित युरोपियन फलंदाज. तो इतरांच्या आधी तासभर येई आणि बाळूंना चेंडू टाकायला लावी. बाद केल्यास दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी देव जाणे, पण चार रुपये पगाराच्या माणसाला आठ आणे म्हणजे काय, हे सांगायला नको! बाळूंना कोणी प्रशिक्षक नव्हता. ग्रेगची बॅट हीच त्यांची पंतोजी. आखूड पडलेला चेंडू ती झोडपी, चांगला पडलेला निमूटपणे अडवी. डावखुऱ्या बाळूंनी त्यावरूनच टप्पा, वळण आणि उंची पारखून घेतली. शेकडो तास हे चालले. परंतु त्या शेकडो तासांत बॅट काही बाळूंच्या हाती आली नाही. फलंदाजी साहेबांची, गोलंदाजी नोकराची, असा तो रिवाज होता.

पुण्याच्या हिंदू संघाला हा गोलंदाज हवा होता, पण जात आड येत होती. अखेर त्याला घेतले. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सर्वांनी हाताळावा. चहा मात्र त्याने बाहेर, मातीच्या भांड्यात प्यावा, जेवणही वेगळे. असल्या व्यवस्थेत तो मनुष्य बळी घेत राहिला, याचे मला आजही नवल वाटते.

पुढे ते मुंबईस आले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्यात बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली संघ विलायतेला गेला. तेथे बाळूंनी ११४ बळी मिळविले, सरासरी १८.८४. पस्तिशीच्या माणसाची ही कामगिरी! तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० साली वाद विकोपाला गेला, त्यांचे भाऊ संघातून बाहेर राहिले, तेव्हा कुठे उपकर्णधारपदापर्यंत मजल गेली.

उत्तरायुष्यात ते राजकारणात पडले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी पडले. ती उमेदवारी मला अजूनही पटत नाही. जुलै १९५५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

खळ्यावर चेंडू टाकताना मला त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल पुष्कळदा आठवतो. थोरल्याने ज्या जाळीत नुसते चेंडू टाकले, त्या खेळात धाकटा फलंदाज म्हणून गाजला, आणि १९२३ साली हिंदूंचा कर्णधार म्हणून मैदानात उतरला. संघ त्या वर्षी जिंकला.