पुन्हा त्याच मातीपाशी : श्रीसंत गोरोबाकाका

आषाढी एकादशी समीप आली की गावोगावच्या मंदिरांतून संतचरित्रांची आख्याने रंगू लागतात, आणि त्यांत गोरोबाकाकांच्या आख्यानास मान मोठा. आम्हीही ते अनेक वर्षे लावीत आलो. परंतु पनवेलास चातुर्मासातील एका कीर्तनानंतर जे घडले, त्यामुळे हे चरित्र आम्हांस नव्याने उघडून पाहावे लागले. यंत्रात सापडून उजव्या हाताचा पंजा गमावलेला एक तरुण गृहस्थ बुक्का लावून घेतल्यावर मागे रेंगाळला. गोरोबांना हात पुन्हा फुटले ही देवाची कृपा. पण हात नव्हते त्या दिवसांत ते काय करीत होते, एवढेच त्याने विचारले. आम्ही दिलेले उत्तर समाधानकारक नव्हते, हे कबूल केले पाहिजे. सारे आख्यान मुखोद्गत, पण ते दिवस मात्र आम्ही दोन वाक्यांत ओलांडीत आलो होतो.

गोरोबा तेरचे. तेरणेच्या काठचे, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हे तेर म्हणजे प्राचीन तगर नगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक ग्रंथातही त्याचा उल्लेख आहे. तेथील उत्खननात भाजल्या मातीच्या मूर्ती आणि भांडी विपुल निघाली. म्हणजे गोरोबांच्या जन्मापूर्वी हजार वर्षे त्या गावात कुंभाराचे चाक फिरतच होते. परंपरेने त्यांचा जन्म शके ११८९ चा, म्हणजे इ. स. १२६७ चा मानतात. हे साल ध्यानी ठेवावे. नामदेवराय १२७० चे, ज्ञानदेव १२७५ चे. तसबिरींतून गोरोबा पांढऱ्या दाढीचे दिसतात आणि सारे त्यांना काका म्हणतात. पण त्यांच्यावर जो प्रसंग गुदरला तो ऐन तारुण्यात, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही.

तो प्रसंग कोणत्या मराठी घरास ठाऊक नाही? तळ्याची माती आणावी, चाळावी, खडे वेचावेत, तीत लीद व राख मिसळावी आणि मग लोण्यासारखी मऊ होईपर्यंत ती पायांनी तुडवावी, हे कुंभाराचे नित्यकर्म. पत्नी संती रांगते मूल अंगणात ठेवून, त्याजकडे लक्ष देण्यास सांगून पाण्याला गेली. गोरोबा विठ्ठलनामात बुडालेले, डोळे मिटलेले, पाय आपल्या गतीने चाललेले. मूल बापाच्या ओढीने चिखलात आले आणि पायांखाली गेले. संती परतली तेव्हा माती लाल झाली होती.

येथे कीर्तनकार बहुधा गोरोबांच्या तल्लीनतेचे वर्णन करतो. आमच्या मते त्या क्षणी श्रोत्यांची दृष्टी संतीकडे वळविली पाहिजे. तिने आक्रोश केला; समाधी भंगलेले गोरोबा रागाने तिच्यावर धावले. तेव्हा आपल्या अंगास हात लावू नये, अशी तिने त्यांना विठ्ठलाची शपथ घातली. ती शपथ त्यांनी अक्षरशः पाळली. वंश खुंटेल या चिंतेने संतीने स्वतःच आपली धाकटी बहीण रामी हिच्याशी त्यांचे लग्न लावून दिले. पण दोघी मुलींस सारखेच वागवावे, असे सासऱ्याने निरोप देताना सांगितले आणि गोरोबांनी तीच शपथ दुसरीसही लागू केली. एके रात्री दोघी बहिणींनी निद्रिस्त पतीचे हात आपल्या अंगावर ठेवून घेतले. जागे होताच शपथ मोडली म्हणून गोरोबांनी आपले हात तोडून टाकले.

अपघात घडला तो पायांनी, शासन भोगले हातांनी. हे कृत्य कोणी अनुकरणीय मानू नये. संतांचे सारेच आचरण आपल्यासाठी नसते. परंतु त्यानंतरचे दिवस कसे गेले असतील? कुंभाराचा एवढा एक तुडवणीचा भाग सोडला तर बाकी सारे हातांचे. चाकावर गोळा चढविणे, बोटांनी त्यास आकार देणे, दोऱ्याने मडके कापून उतरविणे, आत गोटा धरून बाहेरून थापटण्याने ठोकणे, आवा रचणे. त्या घरात चाक थांबले. मूल गेलेले, दोन स्त्रिया ओल्या डोळ्यांनी वावरणाऱ्या, आणि अंगणात तीच माती.

कथा सांगते की त्या काळात पांडुरंग कुंभाराचे रूप घेऊन, रखुमाईसह, त्या घरी राबावयास आला आणि गरुडाने गाढव होऊन माती वाहिली. भाविकाने ती तशीच ऐकावी. पण तिच्यातील एक गोष्ट विशेष आहे. देवाने गोरोबांना सोन्याचा हंडा दिला नाही, दुसरा धंदाही दिला नाही. त्याने त्यांचेच चाक फिरते ठेवले. आणि गोरोबांनीही नाम सोडले नाही, ज्या नामात असताना तो घात झाला तेच नाम. आम्हांस हे हात फुटण्याहून लहान वाटत नाही.

पुढे आषाढीस सारे कुटुंब पंढरीस गेले. गरुडपारापाशी नामदेवरायांचे कीर्तन चालले होते. हात वर करून टाळी वाजवा, असे त्यांनी म्हणताच सर्वांबरोबर गोरोबांनीही आपले थोटे हात वर केले. त्यांना पंजे फुटले. संतीने आपल्या बाळासाठी देवास आळविले आणि ते कीर्तनाच्या गर्दीतून रांगत आईकडे आले. रखुमाईने शपथ सोडविली.

यानंतर गोरोबा पंढरीस राहिले नाहीत, की संसार टाकून रानात गेले नाहीत. ते तेरला परतले आणि माती तुडवू लागले. त्याच अंगणात संतांचा मेळा भरला असता मुक्ताबाईंनी थापटणे कशासाठी असते म्हणून विचारले. मडके कच्चे की भाजलेले हे त्याने कळते, असे ऐकून संतांचीही परीक्षा करण्यास तिने सांगितले. गोरोबांनी एकेका मस्तकावर थापटणे मारले. सारे निश्चल राहिले, नामदेवराय मात्र रुसले. कच्चे मडके म्हणून त्यांचा निवाडा झाला आणि त्यातूनच ते विसोबा खेचरांच्या चरणी गेले. ज्ञानदेवांची समाधी १२९६ मधील. तेव्हा परंपरेचा काल धरला तर हे सारे गोरोबांच्या तिशीच्या आतले ठरते.

त्यापुढे ते एकवीस वर्षे जगले. चैत्र वद्य त्रयोदशी, शके १२३९, म्हणजे इ. स. १३१७ मध्ये त्यांनी तेरलाच देह ठेवला. तेथे त्यांची समाधी आहे. त्या एकवीस वर्षांविषयी चरित्रकार फारसे बोलत नाहीत. चमत्कार संपले होते. मडकी घडत होती.

पनवेलच्या त्या तरुणास हे सांगावयाचे राहून गेले. आता आख्यान लावताना गरुडपाराकडे जाण्याची आम्ही घाई करीत नाही. थांबलेल्या चाकापाशी थोडा वेळ बसतो, आणि मगच पंढरीची वाट धरतो.