वकिली सोडलेला विक्रेता

कांजूरमार्गहून मुंबईकडे निघालेल्या लोकलचे पुढचे स्थानक विक्रोळी. तेथील पिरोजशानगरातील गोदरेजचे कारखाने पाहत या पट्ट्यातील कित्येक पिढ्या वाढल्या. अनेक घरांच्या चुलीही त्यावर पेटल्या. मात्र ज्यांनी हे नाव प्रथम घराघरांत नेले, त्या अर्देशीर गोदरेज यांचा विक्रोळीशी काहीच संबंध आला नाही. ही जमीन त्यांचे धाकटे बंधू पिरोजशा यांनी चाळीसच्या दशकात घेतली, तेव्हा अर्देशीर हयात नव्हते. त्यांची खरी कर्मभूमी लालबाग. अनोळखी माणसाच्या मनात आपल्या मालाविषयी विश्वास कसा निर्माण करावा, या विद्येत त्या काळी त्यांचा हात धरणारे फार थोडे होते. आणि गंमत अशी, की दुसऱ्याला पटवून देण्याचा पहिला व्यवसाय त्यांनी केवळ सचोटीपायी सोडला होता.

अर्देशीर बुर्जोरजी गोदरेज यांचा जन्म २६ मार्च १८६८ रोजी मुंबईतील एका सधन पारशी कुटुंबात झाला. १८९० मध्ये बच्चूबाईंशी त्यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी, २५ एप्रिल १८९१ रोजी, बच्चूबाई आणि नात्यातील आणखी एक मुलगी यांचा राजाबाई टॉवरवरून पडून मृत्यू झाला. या प्रकरणाने सारे शहर हादरले होते. अर्देशीर यांनी पुन्हा लग्न केले नाही.

कायद्याचे शिक्षण संपवून १८९४ मध्ये ते एका खटल्याच्या कामासाठी झांजिबारला गेले. तेथे अडचण उभी राहिली ती कायद्याची नव्हे, स्वभावाची. अशिलाच्या बाजूने बोलताना जे स्वतःला खरे वाटत नाही ते न्यायालयापुढे मांडायला त्यांची जीभ रेटेना. वकिलाने एवढे सोवळे पाळले तर त्याची वकिली चालणार कशी? ती चाललीही नाही. १८९५ मध्ये वकिली कायमची सोडून ते मुंबईला परतले.

वडील सधन असूनही त्यांनी भांडवलासाठी हात पसरला तो वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्यापुढे. तीन हजार रुपये कर्जाऊ घेऊन त्यांनी शस्त्रक्रियेची हत्यारे बनवण्यास आरंभ केला. माल गिऱ्हाइकाला पसंत पडला. अडले ते शिक्क्यावर. हत्यारे हिंदुस्थानात बनली आहेत असे त्यांवर उमटवायचे, हा अर्देशीर यांचा आग्रह. आणि तसा शिक्का पाहिला तर माल कोणी घेणार नाही, ही गिऱ्हाइकाची खात्री. दोघेही हटले नाहीत. धंदा बुडाला. गिऱ्हाइकाचा अंदाज बाजाराच्या दृष्टीने बहुधा बरोबर होता. विलायती छापाची मोहिनी तेव्हा होतीच तेवढी.

पुढे वर्तमानपत्रातील मुंबईतल्या घरफोड्यांची बातमी त्यांच्या वाचनात आली आणि त्यांना कुलपांचा धंदा सुचला. कामा यांनी पुन्हा पैसे दिले. ७ मे १८९७ रोजी लालबागला गॅस कंपनीशेजारच्या एका लहानशा छपरात डझनभर कारागिरांनिशी काम सुरू झाले. कामा यांचे पुतणे बॉइस काही काळ भागीदार होते. ते लवकरच बाहेर पडले, तरी पेढीच्या नावात मात्र आजतागायत राहिले आहेत.

कुलूप ही विकायला अवघड वस्तू. त्याचा गुण दिसतो तो चोर येऊन गेल्यावर, आणि तोवर गिऱ्हाइकाने केवळ भरवशावर पैसे मोजायचे. चोरांचे भय दाखवून ते खपवणे सोपे होते. अर्देशीर यांनी भयाऐवजी हमी पुढे केली. आपल्या कुलपाची किल्ली दुसऱ्या कोणत्याही कुलपाला लागणार नाही, असे ते लेखी सांगत. हे विधान कोणीही गिऱ्हाईक दोन कुलपे घेऊन घरबसल्या तपासू शकत होते. त्याची ताकद त्यातच होती. तिजोऱ्यांच्या बाबतीतही तेच. चोराइतकाच आगीचाही विचार करून त्यांनी त्या घडवल्या. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत स्फोट झाला, तेव्हा आगीत सापडलेल्या गोदरेज तिजोऱ्यांमधील कागदपत्रे शाबूत निघाली, पण ते पाहायला अर्देशीर नव्हते.

साबणाच्या प्रकरणात त्यांचे विक्रीचे मानसशास्त्र सर्वांत उघडपणे दिसते. साबणात प्राण्यांची चरबी असे. ती अनेकांच्या धर्माला मानवणारी नव्हती. अर्देशीर यांनी वनस्पती तेलांपासून साबण करून दाखवला आणि १९१८ मध्ये ‘चावी’ छाप बाजारात आणला. त्यानंतर अंगाचा साबण काढला, त्याला नाव दिले ‘नंबर दोन’. नंबर एक कोठे आहे, असे लोक विचारू लागले. दोन नंबरचा एवढा चांगला लागला, तर एक नंबरचा त्याहून सरस असणार, हे लोकांनी आपणहून ठरवावे, असा त्यांचा हिशेब होता. ‘नंबर एक’ १९२२ मध्ये आला.

हा सरळ व्यवहार की चतुराई? चतुराई खरीच. पण तीत खोटे विधान नाही. निष्कर्ष गिऱ्हाइकाने काढायचा आणि अंगाला साबण लावून तो पडताळायचा. रवींद्रनाथ टागोरांची शिफारस जाहिरातीत छापली गेली. ॲनी बेझंट, राजगोपालाचारी यांचीही नावे जोडली गेली. थोरामोठ्यांच्या शब्दाचा उपयोग करण्यात अर्देशीर यांना संकोच नव्हता. महात्मा गांधींनी तर दुसऱ्या एका साबणवाल्याला आशीर्वाद देण्याचे टाळले. आपल्या शब्दाने गोदरेजबंधूंचे नुकसान व्हायला नको, अशी त्यांची भावना होती.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९८४ मध्ये अशा युक्त्यांची शास्त्रशुद्ध मांडणी केली: मान्यवरांचा शब्द, इतरांचे अनुकरण, टंचाईची भीती. आजच्या ऑनलाइन दुकानांत त्याच युक्त्या राबतात. फक्त दोनच नग शिल्लक, सवलत दहा मिनिटांत संपणार, असे मजकूर गिऱ्हाइकाला पडताळता येत नाहीत. बहुतेकदा तोच त्यांचा हेतू असतो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा फसव्या प्रकारांवर निर्बंध घातले, त्यांत ही खोटी घाईही आहे.

अर्देशीर यांची स्वदेशीही याच चाळणीतून गेलेली होती. देशी म्हणून निकृष्ट माल लोकांच्या गळ्यात मारणे त्यांना मान्य नव्हते. माल विलायतीच्या तोडीचा हवा, मग देशाभिमानाचे आवाहन करावे, असे ते म्हणत. चळवळीच्या भरात हे मत अनेकांना रुचले नसणार. तरी टिळक स्वराज्य फंडाला १९२१ मध्ये त्यांनी तीन लाख रुपये दिले.

१९२८ मध्ये कारभार पिरोजशांच्या हाती सोपवून ते नाशिकला शेती करायला गेले. तेथे कारखान्यासारखे यश त्यांना लाभले नाही. १९३६ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. मूलबाळ नव्हते; कुलपे, तिजोऱ्या आणि साबण हे सारे पिरोजशांकडे आणि पुढे त्यांच्या मुलांकडे आले.