डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे विद्यार्थिजीवन

वेरूळच्या लेण्यांची संख्या ३४ आहे, हे आपल्या गावचे शाळकरी पोरही सांगेल. कैलास लेणे पाहण्यास देशोदेशींचे प्रवासी येतात. परंतु पाचव्या क्रमांकाच्या बौद्ध लेण्यात फारसे कोणी रेंगाळत नाही. हे लेणे डोंगरात खोलवर गेलेले असून त्याच्या मधोमध, जमिनीपासून थोडेच उंच असे दोन लांबच लांब दगडी बाक समांतर कोरलेले आहेत. दोन्ही बाजूंस भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या आहेत. ह्या बाकांपाशी बसून भिक्षू ग्रंथपठण करीत किंवा भोजन घेत, असे जाणकार मानतात. शिकणे, जेवणे व राहणे ह्या तिन्ही गोष्टींची सोय प्राचीन काळी आपल्या गावी एकाच छताखाली होती. पुढे काळ असा फिरला की, ह्याच विद्यास्थानास महारवाडा असे नाव पडले. ज्यांस विद्येचा अधिकारच नाही असे समाजाने ठरविले होते, त्यांचे नाव ह्या लेण्यास चिकटावे, हा दैवयोग विलक्षण खरा!

शिक्षकाच्या नोकरीत असताना दर वर्षी मुलांना घेऊन मी तेथे जात असे आणि त्या बाकांपाशी उभे राहून एका विद्यार्थ्याची कथा त्यांस सांगत असे. तीच कथा आज आपल्या ज्ञातिबंधु-भगिनींपुढे ठेवीत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची घटनाकार म्हणून कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या राजकारणाचा विचार करण्याचे हे स्थळ नव्हे. त्यांनी आपले विद्यार्थिजीवन कसे निभावले, त्यांस कोणी हात दिला आणि ते ऋण त्यांनी कसे फेडले, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी हे लष्करातील शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर बिऱ्हाड दापोली, सातारा असे फिरत अखेर मुंबईस परळच्या चाळीत आले. खोली एकच. तीतच स्वयंपाक, तीतच सरपण, तीतच माणसांची निजानीज. अशा जागी मुलाने अभ्यास केव्हा करावा? रामजींनी ह्यास एक उपाय योजिला. मुलाला लवकर निजवून ते स्वतः जागत बसत आणि रात्री दोनच्या सुमारास त्यास उठवीत. मग घर निजलेले असे, चाळ शांत असे आणि लहानशा दिव्याच्या उजेडात भीमरावांचे वाचन पहाटेपर्यंत चाले. जागा वाढविणे पित्याच्या हाती नव्हते. म्हणून त्याने आपली झोप मोडून मुलास वेळ मिळवून दिला.

पैशांची अडचण तर पाचवीलाच पुजलेली होती. दोन्ही मुलांचे शिक्षण झेपेना, तेव्हा वडील बंधु आनंदराव यांनी शिक्षण सोडून रेल्वेच्या कारखान्यात नोकरी धरली. पुस्तकासाठी पैसे नसत त्या वेळी रामजी आपल्या विवाहित मुलींकडे जात व प्रसंगी त्यांचा दागिना गहाण टाकून पुस्तक घरी आणीत. शाळेत संस्कृत शिकण्याची भीमरावांची इच्छा होती, परंतु अस्पृश्य म्हणून ते त्यांस नाकारण्यात आले व नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. इ. स. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. त्यांस ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. आजच्या आईबापांनी हा आकडा दोनदा वाचावा. मुलाचे गुण शेजाऱ्याच्या मुलापेक्षा चार कमी पडले की आपण घरात सुतक पाळल्यागत तोंडे करून बसतो. परंतु पुढे जगातील थोर विद्यापीठांच्या पदव्या मिळविणाऱ्या ह्या पुरुषाच्या विद्येचा आरंभ एवढ्याच गुणांनी झाला होता.

मॅट्रिकच्या यशाबद्दल झालेल्या सत्कारसभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांस भेट दिले. केळुसकर हे जातीने मराठा व पेशाने शिक्षक. बागेत एकटाच वाचीत बसणारा हा मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला होता. इ. स. १९०८ मध्ये भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. पुढे रामजींची शिल्लक संपत आली, तेव्हा ह्याच केळुसकरांनी खटपट करून त्यांस श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांपुढे नेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कॉलेजातील प्राध्यापक म्यूलर यांनी त्यांस पुस्तके दिली व कपडेही दिले. परंतु त्याच कॉलेजातील उपाहारगृहाचा चालक त्यांस चहा तर राहोच, पाणीसुद्धा देत नसे. विद्येच्या मंदिरात येऊनही तहानेने कोरडे राहावे लागे, अशी ती स्थिती होती.

येथे मनाशी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आपला समाज कारागिरीवर जगलेला, हातावर पोट असलेला. आपणही वरच्यांचे बोल पुष्कळ ऐकले. परंतु त्या काळी भीमराव आपल्या दारी आले असते, तर आपल्या पूर्वजांनी तरी त्यांस माठातले पाणी दिले असते काय? मला तसे छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. थोर पुरुषाचे चरित्र गाताना आपल्या पदरचे हे माप विसरू नये.

इ. स. १९१२ च्या परीक्षेने ते बी. ए. झाले व बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. परंतु थोड्याच दिवसांत पित्याच्या आजाराची तार आली व २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे देहावसान झाले. रात्री दोन वाजता उठविणारा हात गेला. पण उठण्याची सवय राहिली. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी त्यांस अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची चाकरी करावी, असा करार झाला. जुलै महिन्यात भीमराव न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तेथे त्यांस आपल्या शेजारी बसून जेवणारे, खेळणारे व गप्पा मारणारे सहाध्यायी प्रथमच लाभले. आरंभीचे काही महिने ह्या नव्या मोकळेपणात, खेळात व करमणुकीत गेले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. एकवीस-बावीस वर्षांच्या तरुणाचे ते वय. त्यात नवल नाही. परंतु एके रात्री त्यांस आपल्या घरची आठवण झाली, आपण कशासाठी येथे आलो ह्याचे भान आले व तेथून त्यांनी दिवसाची घडी बदलली. रोज अठरा-अठरा तास अभ्यास होऊ लागला. शिष्यवृत्तीच्या रकमेतून ते घरी पैसे पाठवीत, जेवणात काटकसर करीत व जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हिंडत. अशा रीतीने सुमारे दोन हजार ग्रंथ त्यांनी जमविले. नवल भथेना हा पारशी तरुण तेथेच त्यांचा सोबती झाला व जन्माचा मित्र ठरला. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले आणि १९१६ च्या मे महिन्यात हिंदुस्थानातील जातींविषयीचा आपला निबंध त्यांनी विद्वानांपुढे वाचला.

त्यानंतर ते लंडनला गेले. ग्रेज इन येथे बॅरिस्टरीसाठी व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नाव घातले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. युद्धाचे दिवस होते. त्यांचे ग्रंथ ज्या बोटीने येत होते ती बोट पाणतीराने बुडाली. नुकसानभरपाई म्हणून जी रक्कम आली, तिच्यातूनच त्यांनी करार पाळण्यासाठी बडोद्याचा प्रवासखर्च भागविला. बडोद्यास मात्र एवढ्या विद्वानास राहण्यास कोणी खोली देईना. एका पारशी वसतिगृहात ते उतरले. तेथूनही काही दिवसांत काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांस बाहेर काढले. एका बागेत झाडाखाली बसून त्यांनी तो दिवस घालविला. पदव्या होत्या, नोकरी होती, परंतु डोक्यावर छप्पर नव्हते. हा प्रसंग ते कधीही विसरले नाहीत.

अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करावयाचाच, हा निर्धार मात्र कायम होता. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांस प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार दरमहा ४५० रुपये. तरी राहणी चाळीतलीच ठेवून त्यांनी पैसा साठविला. घरखर्चासाठी मिळणाऱ्या ठराविक रकमेत सर्व भागविण्याचे काम रमाबाईंचे होते. पतीच्या पदव्यांवर ह्या माउलीचे नाव कोठे छापलेले नाही; परंतु तिच्या उपासतापासांवाचून त्या मिळत्या ना, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. साठविलेला पैसा, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि भथेना यांनी दिलेले ५,००० रुपयांचे कर्ज, एवढ्या भांडवलावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

तेथील त्यांची दिनचर्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानी ठेवावी अशी आहे. सकाळी पावाचा तुकडा व पेलाभर गरम पेय घेऊन ते ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथालयात जात, ते दार उघडण्यापूर्वीच तेथे हजर असत. दुपारचे जेवण बहुधा नसेच. ग्रंथालय बंद होईपर्यंत टिपणे काढीत, भाडे वाचविण्यासाठी लंडनच्या रस्त्यांवरून पायी हिंडत व रात्री खोलीवर परतून पुन्हा वाचीत बसत. रात्री दहाच्या सुमारास भूक अनावर झाली की ओळखीच्या गृहस्थाने दिलेले पापड भाजून खात आणि पुन्हा पुस्तक उघडीत. खोलीतला सोबती मध्यरात्री जागा होई, तेव्हाही हे वाचीतच असत. १९२१ मध्ये एम. एस्सी. झाली. डी. एस्सी.चा रुपयाविषयीचा प्रबंध मात्र परीक्षकांस कडक वाटला व तो सुधारून देण्यास त्यांस सांगण्यात आले. न चिडता त्यांनी तो पुन्हा लिहून पाठविला व १९२३ मध्ये ती पदवीही मिळविली.

असा हा पुरुष १९३४ साली आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाला होता. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी एका हौदावर त्यांनी हातपाय धुतले, तोच पाणी बाटविले म्हणून जमाव जमला. अखेर पाण्यास कोठेही शिवावयाचे नाही ह्या अटीवर व हत्यारी शिपाई बरोबर देऊन त्यांस किल्ल्यात सोडण्यात आले. कॉलेजातील तो चहावाला पाव शतक उलटले तरी वाटेत उभाच होता!

ज्या मुलुखात हा अपमान झाला, त्याच मुलुखात त्यांनी विद्येचे पाणी आणले. मराठवाड्याच्या मुलांस पदवीसाठी दूर हैदराबादेस जावे लागे; गरिबाच्या मुलास ते कोठून साधणार? १९४५ मध्ये स्थापिलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे त्यांनी १९५० च्या जून महिन्यात औरंगाबादेस कॉलेज सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे कॉलेजास मिलिंद व परिसरास नागसेनवन अशी नावे मिळाली. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा व नागसेन हा उत्तरे देणारा भिक्षू. तेथे वर्गांबरोबर वसतिगृहेही उभी राहिली. ज्यास बडोद्यात खोली मिळाली नाही, त्याने शेकडो खेड्यांतील मुलांस खोली दिली. वेरूळच्या पाचव्या लेण्यातील ती जुनी सोय, वर्ग, भोजन व निवास, आपल्यापासून अवघ्या दहा कोसांवर पुन्हा सुरू झाली. तेथे प्रवेशासाठी कोणाची जात आडवी आली नाही. आपल्याही समाजाची मुले तेथे शिकली.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महानिर्वाण झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले.

आता शेवटी घरचे दोन शब्द. मी स्वतः मॅट्रिकपुढे गेलो नाही. माझा धाकटा भाऊ मात्र हुशार होता, म्हणून त्यास शहरात कॉलेजात घातले. परंतु घरी लग्न असो, बारसे असो, शेतातील काढणी असो की नुसता पाहुणा येवो, दर वेळी मी त्यास निरोप धाडून बोलावून घेत असे. थोरल्या भावाचा शब्द म्हणून तो येई. दुसऱ्या वर्षी त्याचा अभ्यास मागे पडला, तो पुन्हा सावरला नाही व कॉलेज सुटले. त्याने मला आजवर एका शब्दाने दोष दिलेला नाही. म्हणूनच तो दोष मला अधिक जाणवतो. रामजींनी मुलासाठी आपली झोप मोडली. आनंदरावांनी भावासाठी आपली शाळा सोडली. मी मात्र माझ्या सोयीसाठी भावाचा अभ्यास मोडला.

आपल्या समाजाची अनेक मुले-मुली आज शहरात भाड्याच्या खोल्यांत राहून, डब्यावर जेवून शिकत आहेत. त्यांस उपदेशाची गरज थोडी व वेळ, जागा आणि चार पैसे यांची गरज अधिक आहे. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे की, प्रत्येक कुटुंबाने आपल्या लेकरास परीक्षेच्या काळात कोणत्याही कार्यास बोलावू नये, मुलगा व मुलगी असा भेद करू नये आणि लग्नाच्या मांडवखर्चातून थोडी रक्कम काढून मंडळाच्या विद्यार्थी निधीस द्यावी. पंचवीस रुपयांच्या शिष्यवृत्तीतून केवढा वृक्ष उभा राहिला, हे आपण पाहिलेच. कोणत्या घरातील दिवा कोठवर उजेड देईल, हे कोणास सांगता येणार? तो रात्री दोन वाजता लावून देणारा हात मात्र घरात हवा.